वाटे मोठ्यानं करायचे

नाना, तुमची बरडी जमीन आता हमरस्त्याला लागली आहे. तुमच्या वेळी धारहून तिथवर जायचं म्हणजे कुणाची तरी बैलगाडी गाठायची, नाहीतर सरळ पायी. शेवटच्या तुकड्यात तर तुम्ही धोतराचा सोगा वर खोचून, दगड चुकवत चुकवत चालायचात, आणि तरी एखादा अंगठा फुटायचाच. आता पीथमपूरकडून येणारा रुंद रस्ता तिच्या कडेकडेनं जातो. मधे लोखंडी कठडा घातला आहे आणि कठड्यापलीकडून कारखान्यांच्या शिफ्टच्या बसा धावत असतात. गावातले लोक ज्या जमिनीला ‘मास्साब की पथरी’ म्हणून हसायचे, तिचा भाव विचारायला इंदूरहून मोटारी येऊन थांबतात. निबंध शिकवताना तुम्ही म्हणायचात, सुरुवात सुचत नसेल तर जिथं उभा आहेस तिथून सांगायला लाग. मी त्या बरडीच्या कडेला उभा आहे, नाना, आणि समोर धाकटा उभा आहे. मधे कोर्ट आहे.

होय, कोर्ट. धारच्या दिवाणी न्यायालयात माझ्या नावानं दावा चालू आहे. बरडी अजूनही दोघा भावांच्या सामाईक खात्यावर आहे, वाटणी कधी झालेलीच नाही, सबब अर्धा हिस्सा वादीस मिळावा. वादी मी. प्रतिवादी तुमचा धाकटा. मनात हे आणलं ते तुमच्या नातवानं, पण सही माझी आहे, आणि सही करताना माझा हात कुणी धरलेला नव्हता. पीथमपूरला तो ज्या कारखान्यात होता तिथं माणसं कमी केली, त्यात तो गेला. देवासला परत आला आणि घरी बसला. दुपारी बारा-बारापर्यंत अंथरुणात पडून राहायचा. तिथं असताना रोज शिफ्टच्या बसमधून तो रस्ता होताना त्यानं पाहिला होता. एके दिवशी जेवताना मान वर न करता म्हणाला, “बाबा, वो पथरी वाली जमीन में आपका भी नाम है ना?” मी म्हटलं, “नाव आहे.” तुमची सून पोळी वाढता वाढता थांबली. “नाव आहे, जमीन नाही,” ती म्हणाली. “नाव तर रेशनकार्डावर मेलेल्या काकूंचंही होतं, म्हणून त्या काही साखर न्यायला येत नव्हत्या.” तो हसला नाही. “कागज पे जिसका नाम, उसकी जमीन,” म्हणाला, “मैं चोरी थोड़ी कर रहा हूँ.” आमच्या घरात आता असंच चालतं. आम्ही मराठीत विचारतो आणि तो हिंदीत उत्तर देतो. मी तेव्हाच सगळं सांगायला हवं होतं. मी आमटीत पोळी कुस्करत बसलो.

ते तेव्हा सांगितलं नाही, म्हणून आता तुम्हाला सांगतो. तुम्हाला ठाऊक आहेच, तुमच्याच समोर झालं. पण मला ते एकदा कुणापुढे तरी नीट म्हणायचं आहे, शाळेत उभं राहून म्हणायचो तसं.

माझी नोकरी देवासला, सिंचाई खात्यात, नुकतीच लागलेली असते. होळी होऊन गेलेली आहे, गहू काढून झाला आहे, शेतात नुसती खुंटं उभी आहेत आणि त्यांच्यावर ऊन चकाकतं आहे. तुम्ही आम्हा दोघांना घेऊन निघता. आईनं दशम्या आणि लसणाची चटणी फडक्यात बांधून दिली आहे. विहिरीच्या थारोळ्यापाशी आपण बसतो. तुम्ही टोपी काढून गुडघ्यावर ठेवता आणि वर्गात धडा सुरू करावा तशा आवाजात सांगता, की आपल्या घरात वाटणी कागदावर होत नाही. तुमची आणि काकांची झाली नव्हती, तुमच्या वडिलांची झाली नव्हती. वाटे मोठ्यानं करायचे, आणि उचलायचा मात्र आधी धाकट्यानं. “करणाऱ्याला ठाऊक असतं की उरेल ते आपल्या पदरात येणार,” तुम्ही म्हणता, “म्हणून त्याचा हात सरळ चालतो.” पटवारी नाही, पंच नाही, मोजायला दोर नाही. तिघं बापलेक, चौथं ते ऊन.

कुणीही शहाण्या माणसानं काय केलं असतं? थोडी काळी आणि थोडी बरडी इकडे, थोडी काळी आणि थोडी बरडी तिकडे, आणि विहिरीच्या पाळ्या. आपल्याकडची पोरंसुद्धा गुळाचा खडा फोडताना एवढं बघतात. पण माझं लक्ष त्या नाल्याकडे होतं. बाभळींपाशी तो असा वळायचा, आणि मग सबंध शेताच्या अगदी मधून जायचा. अलीकडे सगळी काळी माती आणि विहीर, पलीकडे सगळी बरडी. मला तो नाला लांब ओळीतल्या यतीसारखा वाटला. तुम्हीच शिकवलं होतं ना, की यती म्हणजे श्वास घ्यायची जागा, ती कवीला ठरवावी लागत नाही, वृत्तात ती आधीपासून असतेच. बैलाच्या चालीवर तुम्ही आम्हाला भुजंगप्रयात शिकवलात, त्याच बांधावरून. मग मी नाल्याकडे हात केला आणि म्हटलं, “अलीकडचा एक, पलीकडचा एक.”

तुमच्या हातातला दशमीचा तुकडा तसाच राहिला. “वृत्त सांभाळलंस,” तुम्ही म्हणालात, “अर्थ सांडलास.” आयुष्यात तुम्ही मला फार रागावला नाहीत, हे एक वाक्य मात्र मी जपून ठेवलं आहे. वाटे एकदा बोलले की फिरवायचे नाहीत, तीही रीतच. तुम्ही धाकट्याकडे वळलात. “उचल.”

तो काळी उचलणार हे मी धरूनच चाललो होतो. त्यानं आठवीतून शाळा सोडलेली, शेती तोच करणार, आणि मला महिन्याच्या महिन्याला पगार. त्यानं गव्हाच्या काडीनं कान खाजवला. विहिरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा विहिरीच्या काठावर पालथा पडून आत बघत होतो. त्या विहिरीत कवितेची ओळ म्हटली की खालून ती थोडी उशिरा, थोडी ओली होऊन परत यायची, आणि त्या नादात मी तासन्‌तास तिथं पडून असायचो. “मला पलीकडची,” तो म्हणाला. तुम्ही म्हणालात, “नीट बघ.” “बघितलं की. तिकडे वारा बरा लागतो.” आणि मग माझ्या जवळ येऊन, दात काढून, हळूच: “विहीर गेली तर तू कविता म्हणून दाखवणार कुणाला? बरडी नाही ऐकत, भिया.”

घरी जाताना तुम्ही पुढे पुढे चाललात. ओसरीत पाय धुताना आईला एवढंच म्हणालात, “धाकट्यानं दगड उचलले.” जेवताना आईनं त्याच्या भातावर तुपाची धार थोडी जास्त वेळ धरली, आणि मला ते दिसलं हे तिलाही दिसलं.

धाकट्याचं आणि कवितेचं कधी जमलं नाही, तुम्हाला आठवत असेल. चौथीच्या वर्गात सगळे एका सुरात म्हणायचे तेव्हा तो नुसते ओठ हलवायचा, आणि तुम्ही ओळखून, मुद्दाम फळ्याकडे तोंड करायचात. पण माझं पाठांतर म्हणजे त्याला घरातल्या चांगल्या बैलासारखं वाटायचं. गावात कुणी पाहुणा आला की मला पुढे करायचा: “म्हण दादा. सबंध म्हण. हा मधे श्वाससुद्धा घेत नाही, बघा.” लोकांना मराठी निम्मं कळायचं नाही. माळव्यातले ते शेतकरी कवितेच्या शेवटी मान डोलावून “वा मास्साब के लड़के, वा” म्हणायचे, आणि धाकटा त्यांच्यापेक्षा जास्त खूश.

पुढची वर्षं तुम्ही थोडी पाहिलीत. माझी काळी तोच बटाईनं करायचा आणि माझ्या वाटणीचा गहू दरवर्षी टेंपोतून देवासला यायचा. पोत्यांवर हा स्वतः बसलेला, मांडीवर सीताफळांची टोपली. सीताफळं त्याच्या बरडीतली. तिथून तो दगड वेचत राहिला. आधी ढीग करायचा, मग त्या ढिगांची त्यानं शेताभोवती भिंत रचायला घेतली. तुम्ही निवृत्त झाल्यावरही शेजारपाजारच्या पोरांच्या वह्या घेऊन तिथं जायचात आणि त्या अर्ध्या भिंतीवर बसून तपासायचात. तुम्ही गेलात तेव्हा ती गुडघ्याइतकी होती. आता माझ्या खांद्याला लागते. भिंतीच्या आत त्यानं माती वाहून आणून टाकली. पावसाळ्यात नाल्यातून वाहून जाणारी माती, टोपली टोपली. दक्षिणेच्या भिंतीलगत लिंबं आहेत, मधे सीताफळी, आणि उरलेल्यात तो चणा पेरतो. बरडी म्हणायचं म्हणून म्हणायची आता.

आणि काळी मी विकली, नाना. देवासला टेकडीच्या पायथ्याशी घर बांधायला घेतलं तेव्हा विकली. तुमच्या पश्चात खातं दोघांच्या नावावर चढलं होतं, म्हणून सही दोघांची लागली. निरोप गेला तसा धाकटा आला. रजिस्ट्रीच्या कचेरीत बाबूनं बोट ठेवलं तिथं तिथं त्यानं सह्या केल्या. बाबूनं विचारलं, “और आपका हिस्सा?” तो म्हणाला, “ये तो दादा का था साब. मेरा उधर है.” बाहेर येऊन उभ्या उभ्या एक कचोरी खाल्ली आणि दूध काढायची वेळ होईल म्हणून मिळेल त्या बसनं निघून गेला. त्याच दिवशी मी त्याला म्हणायला हवं होतं, की आता बरडी तुझ्या एकट्याच्या नावावर करून टाकू. सुचलंच नाही. त्यालाही नाही. भावाभावांत कागद आला की बोलणं कमी होतं, हे तुमचं वाक्य आम्ही दोघांनी इतकं ऐकलं होतं की कागद काढायची आम्हाला लाजच वाटायची. विकली ती माझी आणि राहिली ती त्याची, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. सरकारला तेवढं कुणी कळवलं नव्हतं.

माझ्या साक्षीच्या दिवशी मुलगा आणि मी देवासहून निघालो, इंदूरला बस बदलून धारला पोचलो. वकिलाचं टेबल कोर्टाच्या आवारात, पत्र्याखाली. तरुण आहे, तोंडात सतत बडीशेप. मी त्याला म्हटलं की खोटं बोलणं मला जमायचं नाही. तो म्हणाला, “बाबूजी, आपको झूठ बोलने को कौन बोल रिया है? बँटवारा नहीं हुआ, ये शपथपत्र में मैंने लिख दिया, आपने साइन कर दी, बात ख़तम. सामने वाला पूछे तो बोल देना, याद नहीं. इस उमर में कौन बुरा मानेगा?” मुलगा दुसरीकडे बघत होता. मला त्या क्षणी ते वाक्य किती साधं वाटलं म्हणून सांगू. पावसात कुणी छत्री पुढे करावी, तसं.

आतली खोली लहान, आपल्या चौथीच्या वर्गाहूनही लहान. न्यायाधीश एक तरुण बाई. मला खुर्ची द्या म्हणाल्या. धाकटा समोरच्या बाकावर बसला होता, धुतलेला पांढरा शर्ट घालून, गळ्यापर्यंत गुंड्या लावून. नजरानजर झाली तेव्हा त्यानं बोटं तोंडाशी नेऊन खूण केली: खाल्लंस का? मी मान हलवली. खाल्लं नव्हतं.

त्याचा वकील वयस्कर आणि मुरलेला. “काली जमीन बिकी तो पैसा कहाँ लगा?” मी म्हटलं, “मकान में.” “किसके मकान में?” “मेरे.” “छोटे भाई ने उसमें से कुछ लिया?” “नहीं.” “क्यों नहीं लिया?” मग त्यानं चष्मा काढला आणि अगदी घरातल्यासारखं विचारलं, “काका, आपके पिताजी के सामने, खेत पर, आप दोनों भाइयों का बँटवारा हुआ था कि नहीं हुआ था?”

“याद नहीं,” मी म्हटलं.

बाईंनी टाइप करणाऱ्याला ते सांगितलं: मुझे स्मरण नहीं है. माझ्या तोंडून निघालं ते किती ओबडधोबड होतं, आणि कागदावर उतरलं ते किती शुद्ध. स्मरण. तुम्हाला तो शब्द आवडायचा.

वकील हसला. “याददाश्त कमज़ोर हो गई है?” “उमर है,” मी म्हटलं. “पर काका, मैंने तो सुना है कि चौथी क्लास की सारी मराठी कविताएँ आपको आज भी मुँहज़बानी याद हैं. एक-आध सुना दीजिए. मॅडम भी सुन लेंगी.” मागे कुणीतरी हसलं. आणि नाना, ओळ आली. बोलवावी लागली नाही, जशी नेहमी येते तशी आली, आपली वळणं घेऊन, आपल्या यतीसकट, थेट जिभेवर. आता तोंड उघडलं तरी मी खोटा आणि मिटलं तरी खोटा. तेवढ्यात धाकटा उठून उभा राहिला.

“वकील साब, रेने दो.”

बाई म्हणाल्या, “आप बैठ जाइए. बीच में नहीं बोलते.” तो बसला नाही. हात जोडून म्हणाला, “मॅडम, माफी दो. पर ये मत पूछने दो. म्हारो भई है. याद नी है के रियो है, तो नी होगी याद.” त्याचा वकील त्याच्याकडे बघतच राहिला. म्हणाला, “तो फिर मैं यहाँ काय के लिए खड़ा हूँ?” फाइल मिटली आणि सांगितलं की आणखी काही विचारायचं नाही.

बाहेर कडुलिंबाखाली मी बाकावर बसलो. मुलगा वकिलाच्या टेबलाशी गेला होता, दोघं खुशीत बोलत होते. धाकटा कागदी पेल्यांत दोन चहा घेऊन आला, बगलेत टोस्टचा पुडा. शेजारी बसला. “तो वकील जरा आगाऊच आहे,” म्हणाला. “कवितांचं मीच सांगितलं होतं त्याला, असंच बोलता बोलता. आमचा दादा असा न् तसा म्हणून. मला काय माहीत तो तिथं काढेल. तू मनावर घेऊ नको, भिया.” म्हणजे माफी तोच मागत होता. मी विचारलं, “घरी सगळे बरे?” पाहुण्यासारखं. तो म्हणाला, बरे आहेत. सीताफळं यंदा बारीक धरली, नाहीतर आणली असती. मग टोस्ट चहात बुडवून माझ्या हातात दिला. “तुला बस लागते ना अजून? मागे बसू नको. ड्रायव्हरच्या बाजूची सीट घे.” मी टोस्ट खाल्ला. काय करणार? तो विरघळायला लागला होता.

नंतरच्या रविवारी त्याचा फोन आला. मागून बसांचे आवाज येत होते, म्हणजे बरडीतूनच बोलत होता. “दादा, मी राजीनाम्याला, कोर्टातल्या तडजोडीला, हो म्हणून टाकलं. अर्धी अर्धी. वकील ओरडतोय, ओरडू दे.” मी म्हटलं, “अरे, पण का?” तो म्हणाला, “तुला आठवत नाही म्हणजे झाली नसेल वाटणी. झाली नसेल तर करावी लागेल की नाही?” तो टोचत होता की खरंच तसं म्हणत होता, मला कळलं नाही. त्याच्या आवाजात टोचणं कधी असायचंच नाही, त्यामुळे कानाला ते ओळखायची सवय नाही. “पण माझी एक अट आहे,” तो म्हणाला. “पटवारी नको, कोर्टाचा माणूस नको. वाटे तूच करायचे. नानांची रीत. आणि या वेळी मधे नाला नाही, बरं का,” इथं तो हसला, “जरा बघून कर.”

तेव्हापासून मी डोक्यात वाटे करतो आहे. सरळ मधून रेघ ओढली तर त्याची भिंत तुटते, आणि लिंबं एकीकडे, सीताफळी दुसरीकडे. मग वाटलं, वाटे करणं माझ्या हातात आहे ना? तर एका वाट्यात सगळी जमीन घालीन आणि दुसऱ्यात कोपऱ्यातला तो काळा कातळ, ज्यावर काही उगवत नाही. उचल म्हणेन. या विचारानं मी दोन दिवस इतका खूश होतो की तुमच्या सुनेनं विचारलं, काय गुणगुणताय. तिला सांगितलं. ती भाजी निवडत होती. न थांबता म्हणाली, “आणि भाऊजी कातळ उचलतील, मग?” मला एकदम तो दिसला, काडीनं कान खाजवणारा. उचलेल, नाना. कातळच उचलेल, आणि तिथं वारा बरा लागतो म्हणेल. आणि एकदा त्यानं उचलला की रीतीप्रमाणे मला काही बोलता यायचं नाही.

म्हणजे उरतं एकच. राजीनाम्यावर बाईंची सही व्हायच्या आधी मी उभं राहून म्हणायचं, की स्मरण आहे, वाटणी झाली आहे, जे करून टाकलेलं आहे ते पुन्हा कसं करणार. वकिलाला फोन केला. तो म्हणाला, “बयान पलटोगे बाबूजी, तो झूठे शपथपत्र में आप ही फँसोगे. आराम करो. पोते-पोती खिलाओ.”

आज सकाळी मुलगा अंगणात मोटरसायकलची साखळी पुसत बसला होता. मी त्याच्याजवळ स्टूल घेऊन बसलो. म्हटलं, “मला सगळं आठवतं रे. वाटणी झाली होती. मीच केली होती.” तो साखळी पुसत राहिला. “मालूम है,” म्हणाला. मी विचारलं, कसं? “काका ने बताया था. मैं छोटा था, वहीं दीवार पे बैठ के. आपने कैसे नाले से हिस्से किए, उन्होंने कैसे उठाया. हँस-हँस के बताया था.” मग चिंधी बाजूला ठेवून त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “बाबा, पूरे कोर्ट को मालूम था. आपको क्या लगा, किसको नहीं मालूम?” आत भांडं आपटलं. त्याचे हात ग्रीसनं काळे झाले होते आणि त्याच्या कानाच्या वर केस पांढरे व्हायला लागले आहेत, हे मला आजच दिसलं. “मैं भी क्या करूँ,” तो म्हणाला, “मला पण कुठूनतरी सुरू करायचं आहे ना.” एवढं एक वाक्य मराठीत म्हणाला.

राजीनाम्याची तारीख सोमवारी आहे. मी जाणार, बाईंसमोर उभा राहणार आणि म्हणणार, असं ठरवलं आहे. ठरवलं आहे हे तुम्हाला लिहिताना सोपं जातं, कारण तुम्ही काही वह्या तपासायला येणार नाही आणि हा कागद मी कुठं टाकणारही नाही. सोमवारी खुर्चीत बसल्यावर पुन्हा ते छत्रीसारखं वाक्य कुणी पुढे केलं तर माझा हात कुठं जाईल, याची मला खात्री नाही. का नाही, तेही सांगतो. धाकटा उठून ‘रेने दो’ म्हणाला तेव्हा मला भरून आलं, असं मी घरी सांगितलं, आणि तुमच्या सुनेनं डोळ्याला पदर लावला. भरून आलं ते पुष्कळ नंतर, बस घाटाबिल्लोदच्या पुढे गेल्यावर. तो उठला त्या क्षणी, नाना, मला फक्त बरं वाटलं होतं. वाटलं, सुटलो.